शर्यतीच्या मोटारींतील पाण्याचा प्रवास

तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडला म्हणजे काय होतें, हें आपण सर्वांनींच पाहिलें आहे. तवा बेताचा तापला असेल तर थेंब चर्र आवाज करून क्षणांत नाहींसा होतो. पण तवा अतिशय तापला असेल, तर तोच थेंब मोत्यासारखा गोल होऊन नाचत राहतो. त्याच्या आणि तव्याच्या मध्यें वाफेचा पातळ पडदा उभा राहतो आणि वाफ ही उष्णतेची मंद वाहक असल्यामुळें तव्याची खरी धग थेंबास लागतच नाहीं. शर्यतीच्या मोटारीचें एंजिन पुष्कळदां बिघडतें तें याच पडद्यामुळें.

उदाहरणादाखल अमेरिकेंतील शेव्हरोले कंपनीनें १९५५ सालीं काढलेलें आठ सिलिंडरांचें एंजिन घेऊं. शर्यतींच्या मैदानावर या घराण्यानें अनेक दशकें गाजविलीं. पेट्रोलच्या उष्णतेचा ढोबळ मानानें एक तृतीयांश भाग कामीं येतो, तितकाच धुरावाटे जातो, आणि उरलेला बहुतेक भार पाण्यावर पडतो. पुढच्या बाजूचा पंप रेडिएटरमधून आलेलें पाणी एंजिनाच्या दोन्ही कुशींत ढकलतो. तें सिलिंडरांना वेढीत मागें जातें. तेथें गास्केटच्या छिद्रांतून वर चढून माथ्यावरील हेडमध्यें शिरतें. हेडमधून पुन्हां पुढें येतें, आणि थर्मोस्टॅटच्या झडपेंतून रेडिएटरकडे परततें.

या प्रवासांतील सर्वांत बिकट जागा म्हणजे जळालेला धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांचा परिसर. तेथें पाण्याचे बारीक बुडबुडे उठतात. ते सुटून वाहून गेले तर अपायकारक नव्हेत. उलट जातांना ते पुष्कळ उष्णता घेऊन जातात. परंतु ते एकत्र होऊन धातूला चिकटून बसले, कीं तव्यावरील थेंबाचीच स्थिति होते: पाणी जवळ असूनहि धातु तापतच जातो.

येथें एक प्रचलित समजूत तपासून पाहूं. थर्मोस्टॅट काढून टाकला कीं एंजिन कधीं कधीं अधिकच तापतें. यावर कारागीर म्हणतात, "पाणी फार घाईनें गेलें, त्याला निवावयास वेळ मिळाला नाहीं." अनुभव खरा, पण कारण चुकीचें. पाणी रेडिएटरमधून लवकर निघालें, तर तितक्याच लवकर परत तेथें येतें. चक्राकार वाटेंत घाईनें निवणें चुकत नाहीं. खरें कारण दाबाचें आहे. अरुंद झडपेमुळें पंपाचा दाब एंजिनांत टिकून राहतो. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांवर उकळतें. दर चौरस इंचास १५ पौंड दाब अधिक दिला, कीं तें सुमारें १२१ अंशांपर्यंत उकळत नाहीं. झडप काढतांच दाब उतरतो आणि वाफ माजते. म्हणून जाणते लोक थर्मोस्टॅटच्या जागीं निदान एक भोंक असलेली चकती तरी बसवितात.

१९७० सालीं याच घराण्यांत ४०० घनइंची एंजिन आलें. मूळच्या एंजिनांत सिलिंडरचा व्यास पावणेचार इंच होता, तो सव्वाचार इंचांस आठव्या भागानें कमी, इतका वाढला. दोन सिलिंडरांच्या मध्यांतील अंतर मात्र पूर्वीचेंच, ४.४ इंच, राहिलें. तेव्हां मधली पाण्याची वाट बुजली व सिलिंडर एकमेकांस जोडले गेले. त्या सांध्यापाशीं सांचणारी वाफ निघून जावी म्हणून कारखान्यानें बारीक छिद्रें पाडलीं. ज्यांनीं अधिक शक्तीच्या लोभानें त्यावर छिद्रें नसलेलीं दुसरीं हेडें चढविलीं, त्यांनीं आपल्या हातानें वाफेचा दरवाजा बंद केला. पुढें १९९२ सालीं कंपनीनें एका नव्या एंजिनांत प्रवाहच उलटा केला, प्रथम हेड व नंतर सिलिंडर; तरी वाफेसाठीं निराळी नळी ठेवावीच लागली.

शेवटीं मोटार हांकणारासाठीं एक इशारा. उष्णतामापकाचें टोंक पाण्यांत बुडालेलें असेल तोंवरच तें खरें बोलतें. पाणी निघून जाऊन तेथें वाफ भरली, तर कांटा चढण्याऐवजीं खालींहि येऊं शकतो. एंजिन तापलेलें असतां कांटा अकस्मात् उतरला, तर समाधान मानूं नका. त्याच क्षणीं गाडी बाजूस घ्या. त्या फेरींत गेलेली शर्यत पुन्हां जिंकतां येईल, जळालेलें एंजिन मात्र परत मिळणार नाहीं.