शिवेवरचा माग



मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए. झालो तोही मराठी घेऊन. कॉम्प्युटरशी माझा संबंध कविता टाइप करून संपादकांकडे पाठवण्यापुरता, आणि ती साभार परत आली की दुसऱ्या संपादकांकडे पाठवण्यापुरता. अशा माणसाने सायबर गुन्ह्यांच्या तपासाविषयी आणि तो करणाऱ्या पोलिसांच्या प्रशिक्षणाविषयी काय बोलावे, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटत होते. पण हा विषय मी निवडलेला नाही. तो आमच्या घरी चालत आला.

त्याआधी एक जुनी गोष्ट सांगतो. आमचे गाव देवळाली प्रवरा. जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. आमच्या तोंडी अजून नगरच येते. माझ्या लहानपणी अब्बा त्यांच्या तरुणपणातली एक चोरी नेहमी सांगत. शेजारच्या शेतकऱ्याची बैलजोडी रात्रीतून गेली. सकाळी माग काढणारा म्हातारा आला. एका बैलाचा खूर टवका उडालेला होता, तेवढ्या खुणेवर तो वाकून चालू लागला. पाण्याच्या पाटाजवळ ओल्या मातीत एक ठसा स्वच्छ उमटलेला सापडला. म्हाताऱ्याने काय करावे? आधी घमेले मागवले आणि त्या ठशावर पालथे घातले. ‘याच्यावर कुणाचा पाय पडला, तर बैल गेले म्हणून समजा,’ असे म्हणाला.

माग आमच्या शिवेपर्यंत गेला. तिथे रीत अशी, की शेजारच्या गावाला बोलवायचे, माग दाखवायचा आणि त्यांच्या हवाली करायचा. मग तो पुढे नेण्याची जबाबदारी त्या गावाची. पहिल्या गावाने तो घेतला. दुसऱ्यानेही घेतला. तिसऱ्या शिवेवर नदीकाठी सगळे उन्हात ताटकळत बसले. पलीकडून कोणी आलेच नाही. संध्याकाळी वारा सुटला, माग पुसला. अब्बा शेवटी म्हणत, ‘माग होता रे, पण नदीपलीकडं कोणी माणूस नव्हता.’

ही गोष्ट मला २०२२ साली पुन्हा आठवली. माझी थोरली बहीण, आपा, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. ती दुसऱ्या गावी असते. एका शनिवारी संध्याकाळी तिच्या मोबाइलवर संदेश आला : मागचे वीजबिल भरलेले नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडण्यात येईल, या नंबरवर फोन करा. त्या दिवसांत असे संदेश हजारो घरी येत होते. आयुष्यात एक बिल न चुकवलेली बाई घाबरली. तिने फोन केला. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलला. फक्त दहा रुपये भरा म्हणाला, त्यासाठी एक अ‍ॅप उतरवून घ्यायला लावले. त्या अ‍ॅपमुळे आपाच्या फोनचा पडदा त्याला तिकडे दिसू लागला. वीस मिनिटांत तीन हप्त्यांत १,८४,००० रुपये गेले. ग्रॅच्युइटीतले होते.

रात्री ती एका कचेरीत गेली. तिथे सांगितले, गुन्हा जिथे घडला तिथे तक्रार द्या. आपा जन्मभर पोरांना प्रश्न विचारत आलेली. तिने विचारले, ‘साहेब, गुन्हा घडला कुठे? मी तर माझ्या स्वयंपाकघरात उभी होते.’ या प्रश्नाला कोणापाशी उत्तर नव्हते. फोन करणारा एका राज्यात, पैसे ज्या खात्यात पडले ते दुसऱ्या राज्यात, आणि ते जिथून काढले ते एटीएम तिसऱ्याच राज्यात. रविवार गेला. सोमवारी दुसऱ्या एका ठिकाणी एक तरुण महिला पोलीस भेटली. तिने आधी १९३० हा नंबर फिरवला, तक्रारीचा क्रमांक कागदावर लिहून आपाच्या हातात दिला आणि मग आणखी दोन फोन केले. त्यातला एक दुसऱ्या राज्यातल्या पोलिसाला होता. एका प्रशिक्षणात दोघांची ओळख झाली होती. त्या फोनमुळे ३९,००० रुपये एका खात्यात अडकवता आले. कोर्टाच्या आदेशाने ते सात महिन्यांनी परत मिळाले. बाकीचे गेले ते गेले. ती मुलगी मला म्हणाली, ‘काका, शनिवारी रात्रीच हा फोन झाला असता, तर बरेच थांबले असते.’

श्रोतेहो, माझे आजचे म्हणणे त्या एका फोनाविषयी आहे.

त्या मुलीला मी विचारले, तुम्हाला शिकवतात तरी काय? तिने सांगितलेली पहिली गोष्ट म्हणजे अब्बांचे घमेले. जप्त केलेला कॉम्प्युटर उत्साहाने सुरू करून पाहायचा नाही. नुसता सुरू केला तरी आतल्या शेकडो नोंदींच्या तारखा बदलतात. आधी हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत घ्यायची, मूळ डिस्कवर काही लिहिले जाणार नाही असे उपकरण मध्ये लावून. मग त्या प्रतीची हॅश काढायची. हॅश म्हणजे गणिताने काढलेला आकड्या-अक्षरांचा एक लांबलचक ठसा. मजकुरात एक अनुस्वार जरी इकडचा तिकडे झाला, तरी तो अख्खा ठसा बदलतो. हे ऐकून मला वाटले, ही सोय छापखान्यांत असती तर माझ्या कितीतरी कविता वाचल्या असत्या!

हा ठसा कोर्टात किती मोलाचा ठरतो, याचा दाखला आपल्या जालन्यातच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे २९६ मतांनी निकाल लागला. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत भरला की नंतर, हा वाद होता आणि त्या वेळेचे सरकारी व्हिडिओ चित्रण होते. चित्रणाच्या सीडी मिळाल्या, पण त्यांच्यासोबत कायद्याने लागणारे प्रमाणपत्र पुनःपुन्हा मागूनही संबंधितांनी दिले नाही. खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितले, की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत ते प्रमाणपत्र हवेच. या खटल्यात मागणाऱ्याने सर्व प्रयत्न केले होते, म्हणून त्याला सूट मिळाली. खटला निवडणुकीचा, पण नियम सगळ्यांनाच लागू. जुना पुरावा कायदा गेला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅशचा रकानाच छापलेला आहे. तो रकाना भरता न येणाऱ्या तपासी अंमलदाराने चोर पकडला, तरी कोर्टात त्याचा हात रिकामा राहण्याची भीती असते.

आता शिवेची गोष्ट. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. सोमवारी आणखी रक्कम हाँगकाँगच्या एका खात्यात पाठवली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये. काही रक्कम आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनही निघाली. एटीएमवरच्या कॅमेऱ्यातले चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते, नदीकाठच्या मागासारखेच. म्हणजे त्या मुदतीच्या आत, त्या त्या गावी, ते मागणारा आणि ते नीट जपून ठेवणारा कोणीतरी हवा. देशातल्या एटीएमवरून पैसे काढणारे सापडले, आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा दिली. परदेशात गेलेला माग मात्र इतका सोपा नव्हता. २८ देश म्हणजे २८ शिवा. तिथे प्रत्येक ठिकाणी घमेले घेऊन उभा असलेला माणूस लागतो.

जगातही हे असेच उमगत गेले. ऑगस्ट १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला कॉम्प्युटरच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आढळला. त्याने तो सोडला नाही. कोणीतरी परका आत शिरतो आहे, हे त्याच्या ध्यानात आले. सरकारी खात्यांना फोन केले, तर ७५ सेंटसाठी कोण धावणार? माग शेवटी पश्चिम जर्मनीत हानोव्हरला पोहोचला. तिथले टेलिफोन एक्स्चेंज जुने. कॉल कुठून येतो हे माणसाने यंत्रापाशी जाऊन शोधावे लागे आणि त्याला वेळ लागे. म्हणून स्टॉलने चोराला वाचत बसायला मोठमोठ्या खोट्या फाइली रचून ठेवल्या. तो वाचत बसला आणि सापडला. त्याच दशकात कॅलिफोर्नियातले पोलीस आणि कंपन्यांचे सुरक्षा अधिकारी एकत्र आले आणि त्यांनी अशा तपासकांची एक संघटना बांधली. एकमेकांना ओळखावे, शिकवावे आणि अडल्या वेळी फोन उचलावा, एवढाच हेतू.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. त्यात तपासाचा अधिकार उपअधीक्षकाच्या खाली कोणाला नव्हता. असे अधिकारी जिल्ह्यात मोजकेच. २००९ मध्ये तो अधिकार निरीक्षकापर्यंत आला. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या नॅसकॉम या संघटनेने मुंबई, ठाणे, पुणे इथल्या पोलिसांसोबत सायबर प्रयोगशाळा काढल्या. तिथे पोलिसांना शिकवू लागले. १५ ऑगस्ट २०१६ रोजी राज्यातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर लॅब सुरू झाल्या. पुढे केंद्राचे सायबर गुन्हे समन्वय केंद्र आले. त्याच्या ‘सायट्रेन’ या अभ्यासक्रमात पोलिसांबरोबर सरकारी वकील आणि न्यायाधीशही शिकू शकतात. जामतारा, मेवात अशा भागांसाठी अनेक राज्यांच्या पोलिसांची संयुक्त पथके नेमली गेली. आणि नव्या फौजदारी संहितेने सांगितले, की गुन्हा कुठेही घडो, तक्रार कोणत्याही ठाण्यात घ्यावी लागेल. आपाच्या प्रश्नाला कायद्याने दोन वर्षांनी उत्तर दिले.

मग अडते कुठे? माझ्या परीने सांगतो. आम्ही मराठीत लिहिणारे मुसलमान कवी आपापल्या तालुक्यात एकेकटे होतो. प्रत्येकाला वाटे, असा मी एकटाच. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मी तेव्हा कॉलेजात होतो. पुढच्या काही संमेलनांना गेलो. व्यासपीठावरची भाषणे आज फारशी आठवत नाहीत. मांडवामागे चहा पिताना वहीत उतरवलेले पत्ते मात्र जन्मभर उपयोगी पडले. कोणाला कुठला शब्द अडला, कोणाचे पुस्तक अडले, की पोस्टकार्ड जाई. तालुक्याच्या ठाण्यात सायबर तपास करणारा पोलीसही तसाच एकटा असतो. प्रशिक्षणात तो जे शिकतो ते दोन वर्षांत जुने होते. चोर नवी युक्ती काढतात. जुना होत नाही तो शेजारच्या बाकावर बसलेला माणूस.

पण इथेच एक खोच आहे. गेल्या वर्षी आपाच्या एका मैत्रिणीला असाच फटका बसला. मी त्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, ‘काका, माझी बदली झाली. मी आता वाहतुकीला आहे.’ तिने तत्परतेने १९३० वर तक्रार करायला सांगितले, पण तिच्या जागी आलेल्या माणसाकडे तिची पत्त्यांची वही नव्हती. वही तिच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये होती आणि तिच्याबरोबर चौकात उभी होती. बदल्या होणारच, ती सरकारची रीत आहे. पण शिकलेल्या माणसाला काही वर्षे त्याच कामावर ठेवावे, निदान त्याच्या ओळखी त्या खुर्चीच्या नावे कराव्यात, एवढे तरी मागायला हरकत नाही. ओळखीच्या फोनवर माग पुढे जावा आणि पुरावा मात्र रीतसर कागदावरच यावा. अब्बांच्या काळी माग घ्यायला यायचे ते गाव म्हणून. माणूस कोणीही असो, गाव तेच असे.

आपल्या हातीही दोन गोष्टी आहेत. पैसे गेले, की लाजून गप्प बसू नका. त्याच मिनिटाला १९३० फिरवा. आणि घाबरून संदेश, नंबर, अ‍ॅप काही पुसून टाकू नका. ते ठसे आहेत. त्यांच्यावर घमेले घाला.

आपाच्या स्वयंपाकघरात दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्यावर दुधाचा हिशेब असतो. आता वर कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत १९३० लिहिले आहे. शेजारणी येतात, विचारतात, ‘बाई, हे कुठलं साल?’ मग ती चहा ठेवते आणि सगळी हकिकत सांगते. अगदी पहिल्यापासून, काही न लपवता.