वर बसलेला माणूस



9 एप्रिल 2024, गुढीपाडवा. आपल्या जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात, वाकडी गावी एक मांजर जुन्या विहिरीत पडले. विहिरीत बायोगॅसची स्लरी साठवलेली होती. मांजराला काढायला एकजण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. असे सहाजण उतरले आणि पाच दगावले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर होता आणि ओढणारे वर होते.

ही घटना बांधकामावरची नव्हे. पण बांधकामावरही हाच धोका असतो. पाण्याची नवी टाकी बांधली की स्लॅबखालचे सेंट्रिंग काढावे लागते. मुकादम म्हणतो, "एकट्याचं काम आहे, तू काढ." बिगारी अरुंद तोंडातून आत उतरतो. आत बरेच दिवस कोंडलेली हवा, कुजलेल्या ओल्या फळ्या, तळाशी साचलेले पाणी. अशा जागी प्राणवायू घटतो. मोकळ्या हवेत तो सुमारे 21 टक्के असतो. 10 टक्क्यांखाली गेला तर हाक मारण्याआधीच शुद्ध हरपू शकते.

शौचालयाच्या टाकीत सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू असतो. तो फार वाढला की नाकाला वासच येत नाही. वास गेला म्हणून धोका टळला, असे समजू नये.

जुनी माणसे कंदील सोडून पाहत. पण विषारी वायू ज्योतीला कळत नाही, आणि शेणाचा किंवा मैल्याचा वायू पेट घेतो. तेव्हा आग आत नकोच. झाकणे आधीच उघडा, पंख्याने ताजी हवा सोडा, वायू मोजायचे उपकरण आणून तपासा. उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा आणि दोर बांधा.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे दोर धरून वर माणसे ठेवा. त्यांनी चहालाही उठायचे नाही. सारखी हाक द्यायची. ओ आली नाही तर दोर ओढायचा, 112 ला फोन करायचा. पण स्वतः खाली उतरायचे नाही. हे कठीण आहे. खाली भाऊ असेल तर फारच कठीण. म्हणूनच ते आधी ठरवून ठेवावे लागते.

ठेकेदार म्हणेल, नुसतं बसायची हजेरी कशाला द्यायची? त्याला वाकडीची विहीर आठवून द्या. तिथे एकाचा जीव वाचला तो वर थांबलेल्यांमुळेच.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)