शस्त्रक्रियेनंतरची पाच वर्षे

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया पार पडली, टाके सुकले, गळालेले केस पुन्हा आले, की घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. संकट टळले, असे सर्वांनाच वाटते. परंतु त्या भगिनीच्या उपचाराचा एक दीर्घ टप्पा त्याच सुमारास सुरू होत असतो. तो पाच वर्षांचा, कित्येकदा दहा वर्षांचाही असतो. त्यात रुग्णालयाची खाट नसते. असते ती रोज घ्यावयाची एक लहानशी गोळी आणि काही जणींच्या बाबतीत ठरावीक मुदतीने घ्यावयाचे इंजेक्शन. या टप्प्याविषयी समाजात फारसे बोलले जात नाही, म्हणून आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

स्तनाच्या कर्करोगाच्या पुष्कळशा गाठी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर पोसल्या जातात. हा संबंध प्रथम प्रकाशात आणला तो ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी. बीजांडकोश काढून टाकल्यावर स्तनातील गाठ आक्रसते, हे त्यांनी १८९६ साली प्रसिद्ध केले. पुढे १९६२ साली इंग्लंडात टॅमॉक्सिफेन हे औषध तयार झाले आणि १९७३ पासून तेथे या रोगावर वापरले जाऊ लागले. पेशीवर संप्रेरक जेथे जाऊन बसते, ती जागाच हे औषध अडवून धरते. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल ही औषधे पाळी गेलेल्या स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेनची निर्मितीच रोखतात. तरुण वयात गरज पडल्यास गोसेरेलिनसारख्या इंजेक्शनाने बीजांडकोशाचे कार्य थांबवितात, किंवा ते शस्त्रक्रियेने काढून टाकतात. ज्यांच्या गाठी संप्रेरकावर पोसणाऱ्या आहेत, अशा स्त्रियांनी टॅमॉक्सिफेन पाच वर्षे नियमित घेतल्यास या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात, असे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. म्हणजे ही गोळी टॉनिक नव्हे. शस्त्रक्रियेइतकाच तो उपचाराचा भाग होय.

या लाभाचे मोल मात्र शरीराला द्यावे लागते. भारतीय स्त्रीची पाळी निसर्गक्रमाने साधारणतः ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास जाते आणि ती हळूहळू जाते. बीजांडकोशाचे कार्य औषधाने किंवा शस्त्रक्रियेने थांबविले, तर तीच अवस्था पस्तिशीतही आणि अल्पावधीत येऊन ठेपते. मन व शरीर यांना तयारीला अवसरच मिळत नाही.

सांताक्रूझसारख्या उपनगरातून सकाळच्या लोकलने कामावर जाणाऱ्या एखाद्या भगिनीचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. डब्यातील गर्दीत एकाएकी अंगातून वाफा निघू लागतात, चेहरा लाल होतो, घामाने कपडे भिजतात. रात्री दोन-तीनदा झोपमोड होते. सकाळी बोटे व गुडघे आखडलेले असतात. कार्यालयात साधी गोष्ट विसरली जाते, घरी क्षुल्लक कारणावरून संताप येतो आणि मागाहून डोळ्यांत पाणी उभे राहते. योनिमार्गातील कोरडेपणामुळे पतिपत्नीच्या संबंधांत वेदना होते, पण हे कोणाला सांगावे? घरचे म्हणतात, आता तर तू बरी झालीस. मग ती गप्प बसते, आणि कधीतरी गोळीचे पाकीट कपाटात तसेच राहू लागते. खरा धोका येथे आहे. गोळी बंद केल्याने त्रास थांबतो; त्याबरोबरच तिला लाभलेले संरक्षणही ढळू लागते.

वस्तुतः या त्रासांवर उपाय आहेत. सुती, सैल कपडे, पंखा, जवळ थंड पाणी आणि चहा व तिखट यांत थोडी काटछाट, एवढ्यानेही काहींना आराम पडतो. वाफा फारच असह्य झाल्यास संप्रेरकविरहित औषधे उपलब्ध आहेत. कोरडेपणावर संप्रेरक नसलेली मलमे व वंगणे मिळतात. एक औषध मुळीच सोसत नसेल, तर डॉक्टर ते बदलून दुसरे देऊ शकतात. बीजांडकोश थांबल्याने व लेट्रोझोलसारख्या औषधांनी हाडे ठिसूळ होतात. यास्तव दूध, नाचणी, तीळ यांचा आहारात समावेश, डॉक्टरांच्या सल्ल्याने कॅल्शियम व ड जीवनसत्त्व, हाडांची तपासणी आणि रोजचे चालणे अगत्याचे ठरते. सांताक्रूझकरांना त्यासाठी जुहूचा किनारा हाकेच्या अंतरावर आहे.

श्री योगेंद्र यांनी १९१८ साली स्थापन केलेली योगसंस्था सांताक्रूझ पूर्वेला आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये योगाचा शास्त्रीय पद्धतीने अभ्यास केला असून, त्याचे निष्कर्ष २०२२ साली आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडले गेले. योगाने थकवा व वेदना सुसह्य होण्यास साहाय्य होते. तथापि योग हा गोळीच्या जोडीने करावयाचा आहे, गोळीऐवजी नव्हे.

काही गोष्टी कटाक्षाने टाळावयास हव्यात. रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी मिळणाऱ्या संप्रेरकाच्या गोळ्या या रुग्णांनी आपल्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी रोग उलटण्याची भीती वाढते. उदासीनतेवरील काही औषधे टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणतेही औषध, मग ते वनौषधीचे का असेना, सुरू करू नये. टॅमॉक्सिफेन चालू असताना अनियमित रक्तस्राव झाला, एका पायाला सूज आली किंवा धाप लागली, तर त्वरित रुग्णालय गाठावे. पाळी थांबली म्हणून गर्भ राहणार नाहीच असे समजू नये. गर्भनिरोधनासाठी संप्रेरकाच्या गोळ्या मात्र वर्ज्य होत. अपत्याची इच्छा असलेल्या तरुण स्त्रीने उपचार सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे.

हा प्रश्न केवळ मुंबईचा नाही. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात राज्याच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येतात. कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरते, कोणी सांताक्रूझ-अंधेरीकडच्या नातलगांच्या खोलीत. उपचार आटोपल्यावर त्या भगिनी गोळ्यांचे पाकीट घेऊन गावी परततात, आणि पुढील पाच वर्षे त्यांच्या सोबतीला असते ते गावच. टॅमॉक्सिफेन व लेट्रोझोल ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा अंतर्भाव आहे. ही माहिती तिच्यापर्यंत पोहोचविणे हे ग्रामपंचायत सदस्य व आशा कार्यकर्त्या यांना सहज शक्य आहे. कार्यालयप्रमुखांनी अशा कर्मचारी भगिनीला पंख्याजवळची जागा व तपासणीच्या दिवशी रजा दिली, मुख्याध्यापकांनी शिक्षिकेला दोन तासिकांमध्ये थोडा विसावा दिला, तर त्यासाठी शासनाच्या वेगळ्या आदेशाची आवश्यकता नाही.

सर्वांत मोठा आधार मात्र घरचाच. 'आज गोळी घेतलीस का?' या प्रश्नाबरोबरच 'आज फार त्रास झाला का?' असेही पतीने, सासूबाईंनी, मुलांनी विचारावे. ज्या घरात हा दुसरा प्रश्न विचारला जातो, त्या घरात पाकीट कपाटात पडून राहण्याचा संभव पुष्कळच कमी.