कॉफीचा अर्क

पाहुणे आले म्हणजे चहाऐवजीं मुद्दाम कॉफी करण्याचा प्रघात महाराष्ट्रीय कुटुंबांत जुना आहे. दूध, पाणी, साखर व कॉफीची पूड एकत्र उकळावयाची, वर जायफळ किसावयाचें आणि गाळून पेल्यांत ओतावयाची, ही त्याची रीत. अशी कॉफी सुवासिक लागते खरी. परंतु तो सुवास बहुधा जायफळाचा असतो. कॉफीचा स्वतःचा सुगंध वाफेबरोबर केव्हांच निघून गेलेला असतो. तो शेजारच्या घरीं पोहोंचतो, पेल्यांत मात्र पोहोंचत नाहीं. मग गृहिणी पुडीला दोष देते आणि यजमान दुकानदाराला.

हा दोष पुडीच्या माथीं मारणें अन्यायाचें आहे. येमेनमधील मोखा बंदराहून बाबा बुदन या साधूनें १७ व्या शतकांत सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरांत पेरल्या, अशी परंपरा आहे. आजहि भारतांतील बहुतेक कॉफी कर्नाटकांतच पिकते. मार्च-एप्रिलच्या सुमारास झुडपें फुलतात. अरेबिका जातीचीं फळें पिकून हातीं येईपर्यंत नोव्हेंबर उजाडतो. पिकलेलें फळ हातानें खुडावें लागतें. इतक्या महिन्यांचे कष्ट पातेल्यांत पांच मिनिटांत वायां जावे, हें बरें नव्हे.

दक्षिणेंतील घरांनीं यावर साधा उपाय योजिला आहे. मुंबईच्या माटुंग्यांतहि तो परिचित आहे. एकावर एक बसणारे पितळेचे अथवा पोलादाचे दोन डबे. वरच्याच्या तळाला बारीक भोंकें, आंत दांडीची चकती आणि वर झांकण. याहून अधिक सामग्री लागत नाहीं.

दोन पेल्यांसाठीं वरच्या डब्यांत सुमारें २० ग्रॅम पूड घालावी, ती सारखी करावी आणि चकतीनें हलकेच दाबावी. पाणी उकळलें कीं उतरवून क्षणभर थांबावें. ९० ते ९६ अंश सेल्सिअस उष्णता पुरेशी असते. असें १२० मिलिलिटर पाणी चकतीवर सावकाश ओतून झांकण ठेवावें. पूड आपल्या वजनाच्या सुमारें दुप्पट पाणी धरून ठेवते. म्हणून खालीं ८० मिलिलिटरांच्या आसपास अर्क उतरतो. त्याला १५ ते २० मिनिटें लागतात.

या थेंबाथेंबाच्या गतीवरच चवीचें सारें गमक आहे. पुडींतील आंबटपणा प्रथम उतरतो, मागाहून गोडवा आणि शेवटीं कडूपणा. अर्क पांच मिनिटांतच खालीं आला, तर पूड जाडी आहे किंवा चकती सैल बसली आहे असें समजावें. कॉफी पाणचट व आंबट होईल. तासभर थेंब अडून राहिला, तर पूड फार बारीक आहे किंवा अति दाबली गेली आहे. कॉफी कडवट होईल. दोष कळला कीं दुसऱ्या दिवशीं तेवढाच सुधारावा.

अर्क पुन्हां आंचेवर ठेवूं नये. दूध निराळें तापवून ऊन-ऊन त्यांत मिसळावें; अर्क निवला असल्यास खालचा डबा गरम पाण्यांत थोडा वेळ ठेवावा. चिकोरी हें भाजलेलें मूळ आहे. तिनें रंग व दाटपणा येतो, परंतु कॉफीची तरतरी तिच्यांत नसते. डब्यावर तिचें प्रमाण छापलेलें असतें, तें वाचूनच खरेदी करावी. दळलेल्या पुडीचा वास लवकर उडतो. ती आठवड्यापुरतीच आणावी व घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी.

या रीतीला खर्च थोडा आणि धीर अधिक लागतो. सकाळीं पाणी ओतून गृहिणी इतर कामास लागली, तरी डबा आपलें काम मुकाट्यानें करीत राहतो. जायफळाची आवड असणारांनीं तें खुशाल घालावें. मात्र एकदां तरी त्यावांचून पेला ओठीं लावून पाहावा. डोंगरावरच्या त्या झुडपाचा सुगंध कोणता, हें तेव्हांच कळेल.