शपथ उमेदवाराची, संशय मतदारावर



नेरळहून माथेरानला चढणारी छोटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली. ती बांधली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी. पैसा उभा केला त्यांचे वडील सर आदमजी यांनी. मुंबईचे हे बोहरी मुसलमान घराणे. आज त्या गाडीत बसताना रुळांचा धर्म कोणी विचारीत नाही. निवडणूक जाहीर झाली की मात्र अल्पसंख्य मतदाराच्या निष्ठेची चौकशी सुरू होते, आणि तेव्हा कर्जत-खालापुरातील पुरोगामी कार्यकर्ता घाईघाईने असे दाखले पुढे करतो. हेतू चांगला असला तरी या दाखल्यांत एक खोच आहे. जो पुरावा सादर करतो त्याने आरोपीचा पिंजरा आधीच मान्य केलेला असतो. ज्याच्या आजोबाने रेल्वे बांधली नाही, जो खोपोलीच्या कारखान्यात पाळी करतो किंवा नेरळच्या बाजारात भाजी विकतो, त्याच्या मताचे मोल काही कमी नाही.

राज्यघटनेची भूमिका याहून सरळ आहे. मतदार होण्यासाठी नागरिकत्व लागते आणि वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. निष्ठेची शपथ घटनेने मतदाराकडून मागितलेली नाही. ती मागितली आहे उमेदवाराकडून. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीपासून विधानसभेच्या उमेदवारालाही घटनेशी निष्ठा राखण्याची आणि देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता जपण्याची शपथ अर्ज भरताना घ्यावी लागते. म्हणजे ज्याने शपथ घेतली तो व्यासपीठावर उभा राहून, जिची कायद्याला गरजच वाटली नाही अशा शपथेचा हिशेब समोरच्या श्रोत्याकडे मागतो. ही उलटी न्यायव्यवस्था आहे.

२०२४ सालचा धुळे लोकसभेचा निकाल या संदर्भात तपासून पाहण्याजोगा आहे. सहापैकी पाच विधानसभा विभागांत भाजपचे सुभाष भामरे पुढे होते. मालेगाव मध्यने काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली आणि त्या ३,८३१ मतांनी निवडून आल्या. यावरून त्या वर्षीच्या विधानसभा प्रचारात भाजपच्या नेत्यांनी ‘व्होट जिहाद’ हा शब्द गावोगाव पोहोचविला. (हा शब्द लोकसभेच्या प्रचारात उत्तर प्रदेशात आधी उच्चारला तो विरोधी आघाडीच्याच एका नेत्याने, हेही लपविण्याचे कारण नाही.) आता पाच विभागांनी एका बाजूला दिलेली आघाडी हा जनतेचा कौल, आणि सहाव्याने दुसऱ्या बाजूला दिलेली आघाडी हे युद्ध, असे कोणत्या गणिताने ठरते? कर्जतच्या डोंगरपट्टीतील एखादी ठाकूरवाडी पाणी देणाऱ्याला एकगठ्ठा मते देते, खालापूरचे एखादे गाव भावकीच्या बैठकीत निर्णय करते. त्याला फार तर गठ्ठा मतदान म्हणतात, देशद्रोह कोणी म्हणत नाही.

मुळात गुप्त मतदानात कोणी कोणाला मत दिले हे कळते कसे? मतदान केंद्रनिहाय आकड्यांवरून. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजण्याची सोय नियमांत होती. यंत्रे आली आणि प्रत्येक केंद्राचा आकडा उघडा पडला. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखविणारे उपकरण वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ साली मांडला. विधी आयोगाने २०१५ साली त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने तो स्वीकारला नाही. परिणाम असा की सातशे-आठशे मतांची एखादी वस्ती निकालाच्या दुपारीच उघडी पडते, आणि पुढची पाच वर्षे गटार, रस्ता, नळ यांच्या प्रत्येक अर्जावर तो आकडा न लिहिलेला असूनही वाचला जातो. मुसलमान मोहल्ल्याला याचा जाच होतो तसाच बौद्धवाडीलाही होतो आणि कातकरी पाड्यालाही. निष्ठेचा प्रश्न विचारणारा याच केंद्रनिहाय आकड्यांवर जगतो. धर्मानुसार वेगळी मतदारयादी करण्याची १९०९ ची रीत घटनेने कायमची मोडली. केंद्रनिहाय यादीवर धर्माची खूण करणारा कारभारी तीच रीत मागच्या दाराने आणतो.

रायगड जिल्ह्याचा स्वतःचा अनुभव वेगळा आहे. बॅरिस्टर अ. र. अंतुले म्हसळा तालुक्यातील आंबेतचे. ते मुख्यमंत्री असताना, १९८१ साली, कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले. कुलाबा मतदारसंघाने १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ असे चार वेळा त्यांना लोकसभेत पाठविले. १९९८ मध्ये शेतकरी कामगार पक्षाच्या रामशेठ ठाकुरांकरवी त्यांचा पराभवही केला. सिमेंट प्रकरणात त्यांच्यावर कठोर टीका झाली, ती व्हायलाच हवी होती. कारभारावर टीका आणि जन्मावर संशय या दोन गोष्टी या जिल्ह्याच्या मतदाराला वेगळ्या करता येत होत्या.

तथापि पुरोगामी पक्षांचे हातही स्वच्छ नाहीत. मोहल्ल्यातील चार प्रतिष्ठितांना भेटून मतांचा सौदा करणे आणि तेथील तरुणांशी, स्त्रियांशी कधी बोलायचेच नाही, ही सवय याच पक्षांनी लावली. राष्ट्र सेवा दलात वाढलेल्या हमीद दलवाईंनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले, तेव्हा त्यांना एकटे पाडणाऱ्यांत मते हातची जातील या भयाने गप्प बसलेले धर्मनिरपेक्ष पुढारीही होते. मुसलमानांना एक गठ्ठा मानणे हे दोन्हीकडचे पाप आहे. एक गठ्ठ्याला घाबरवतो, दुसरा विकत घेतो.

कायदा दुबळा नाही; तो वापरला जात नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाने धर्माच्या नावावर मते मागणे आणि धर्माधर्मांत वैर पेटविणे हे भ्रष्ट आचरण ठरविले आहे. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत शिवसेनेच्या पाठिंब्यावर निवडून आलेले डॉ. रमेश प्रभू यांची निवड प्रभाकर कुंटे यांच्या याचिकेवरून उच्च न्यायालयाने १९८९ साली रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली तो निर्णय कायम केला. त्या प्रचारातील भाषणांसाठी बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार पुढे सहा वर्षांसाठी गेला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने उमेदवाराइतकाच मतदाराचा धर्मही या मनाईत आणला.

विलेपार्ल्याचा खटला घोषणांनी जिंकला गेला नाही. सभेची तारीख, वक्त्याचे नेमके शब्द, छापून आलेला वृत्तान्त हे सारे न्यायालयापुढे ठेवावे लागले. याचिकेची मुदत निवड झाल्यापासून ४५ दिवसांची असते. तेव्हा पुढच्या प्रचारात कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर येथील प्रत्येक सभेला एक कार्यकर्ता वही आणि ध्वनिमुद्रक घेऊन शेवटपर्यंत बसलेला असावा, आणि त्याची नोंद त्याच रात्री तारीखवार लिहून तालुका कार्यालयात जमा व्हावी.