रसायनशास्त्रातील ‘कारण द्या’

मी कलाशाखेचा पदवीधर. रसायनशास्त्र शिकविणे हे माझे काम नव्हे. परंतु या विषयात तुमचे गुण जातात ते पुष्कळदा काही येत नाही म्हणून नव्हे, तर वाक्य अर्धे सोडल्यामुळे. म्हणून हे चार शब्द.

‘घन मिठातून वीज वाहत नाही, वितळलेल्या मिठातून वाहते. कारण द्या.’ येथे ‘मीठ आयनिक आहे’ एवढे लिहून थांबू नका. कोणता कण, कशाने बांधलेला, केव्हा सुटला, हे सांगा. घन मिठात सोडियम व क्लोराइड आयन विरुद्ध विद्युतभारांच्या आकर्षणाने जागीच जखडलेले असतात. सुमारे ८०१ अंश सेल्सिअसला मीठ वितळले की ते हलू लागतात व वीज वाहून नेतात. ‘इलेक्ट्रॉन मोकळे होतात’ असे लिहिलेत तर उत्तर चुकलेच.

सेंद्रिय रसायनात तर नुसते रेणुसूत्र फसवते. दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन एवढ्यांतून इथेनॉल होते आणि डायमिथाइल ईथरही. पहिले ७८ अंशांवर उकळते, दुसरे उणे २४ वर! तेव्हा आधी रचनासूत्र काढा. कार्बनचे हात चार, ऑक्सिजनचे दोन, हायड्रोजनचा एक; मोजून पाहा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजनला हायड्रोजन जोडलेला असतो, म्हणून त्याच्या रेणूरेणूंत हायड्रोजन बंध होतात व ते तोडावयास अधिक उष्णता लागते. ईथरच्या रेणूंत आपसांत तसे बंध होत नाहीत. मात्र उकळताना रेणूच्या आतले सहसंयुज बंध शाबूत राहतात, हेही उत्तरात लिहावे.