विकलेली पेन्शन



अश्विनी पौर्णिमेला तुळजापुरात पाय ठेवायला जागा नसते. सोलापूरकडून लोक पायी येतात, पण परतायला एसटीच लागते. त्या गर्दीत वर्षानुवर्षं तिकिटं फाडलेले एक निवृत्त कंडक्टर परवा बँकेत भेटले. हयातीचा दाखला द्यायचा होता, पण मशिनवर अंगठाच उमटेना. पुसून, फुंकर मारून चार वेळा टेकवला. "नोटा मोजून मोजून रेषाच गेल्या बघा," म्हणाले. पाचव्यांदा उमटला. मग हळूच विचारलं, "विकलेली पेन्शन परत मिळते म्हणतात. खरंय का?"

पेन्शन विकणं म्हणजे काय, ते त्यांच्याच आकड्यांत सांगतो. एसटी असो की साखर कारखाना, तिथल्या कामगाराची पेन्शन 16 नोव्हेंबर 1995 पासूनच्या ईपीएस-95 योजनेतून येते. यांना 2006 साली बाराशे रुपये पेन्शन बसली. त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे चारशे रुपये, त्यांनी विकला. शंभर पट, चाळीस हजार रुपये, एकदम हाती आले. मुलीचं लग्न उरकलं. पेन्शन उरली आठशे. चारशेप्रमाणे शंभर महिन्यांत, आठ वर्षं चार महिन्यांत, मुद्दल फिटलं. कपात मात्र चालूच राहिली.

केंद्र सरकारच्या निवृत्तांना विकलेला हिस्सा पंधरा वर्षांनी परत मिळू लागला तो सर्वोच्च न्यायालयाच्या 1986 च्या निकालानंतर. कामगाराला त्यासाठी 2020 उजाडावं लागलं. मधल्या काळात, सप्टेंबर 2008 मध्ये, एका अधिसूचनेनं पेन्शन विकण्याची आणि पेन्शन थोडी कमी घेऊन भांडवल परत मिळवण्याची सोयच काढून टाकली. पुढं फेब्रुवारी 2020 च्या अधिसूचनेनं 25 सप्टेंबर 2008 पर्यंत ज्यांनी पेन्शन विकली, त्यांना पंधरा वर्षांनी पूर्ण पेन्शन देऊ केली. देशभरातल्या सुमारे 6 लाख 30 हजार पेन्शनरांचा हा प्रश्न होता.

आता हिशेब करा. त्यातल्या शेवटच्या माणसाचीही पंधरा वर्षं सप्टेंबर 2023 मध्ये भरली. तेव्हा कुणाची कपात अजून चालू असेल, तर पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, आणि पासबुक घेऊन भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात चौकशी करा.

पण 2008 नंतर निवृत्त झालेल्यांचं काय? त्यांच्या गेलेल्या सोयी परत आल्या नाहीत. किमान पेन्शन 2014 मध्ये हजार रुपये झाली; राज्यसभेच्या कोश्यारी समितीनं त्याआधीच, 2013 मध्ये, तीन हजार आणि वर महागाई भत्ता सुचवला होता. त्याच महागाई भत्त्यासाठी आणि साडेसात हजारांच्या किमान पेन्शनसाठी डिसेंबर 2018 पासून बुलढाण्यात पेन्शनरांचं साखळी उपोषण सुरू झालं. अधिसूचनेच्या एका ओळीनं जे काढून घेता येतं, ते परत यायला म्हाताऱ्यांची वर्षं खर्ची पडतात. म्हणून हे हक्क संसदेच्या कायद्यातच लिहिलेले हवेत.

कंडक्टरांचं पासबुक मी उलटून पाहिलं. 2021 मध्येच आठशेचे बाराशे झाले होते.

"ते होय? मला वाटलं सरकारनं वाढवली."

"वाढ नाही हो ती. तुमचेच चारशे परत आलेत."

त्यांनी पासबुक मिटलं, खिशात ठेवलं आणि म्हणाले, "मग कुणाचे उपकार नाहीत तर."